धान्याच्या चवीची कुकी

पाव आणि कुकी एकाच पिठातून येतात, पण गव्हाकडून त्यांना हवं असतं ते अगदी वेगळं. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळलं की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. त्या जाळ्यात वायू अडकून राहतो म्हणून पाव फुगतो. कुकीला हे जाळं नकोच असतं. ते वाढलं तर कुकी चिवट होते. म्हणून तर लोणी-साखर आधी फेटायची, पीठ शेवटी घालायचं, हलक्या हाताने एकत्र करायचं आणि मळायचं कटाक्षाने टाळायचं. लोणी पिठाच्या कणांभोवती बसतं, साखर पाणी स्वतःकडे ओढते, ग्लुटेनला वाढायला वावच उरत नाही. ज्या गुणामुळे गहू बेकरीत एवढा मोठा झाला, तोच गुण कुकी करताना दाबून ठेवावा लागतो. हे कळल्यापासून मला एक प्रश्न पडत आलाय: मग कुकीत गहूच कशाला?

कुकी पौष्टिक करायची म्हटलं की बहुतेक जण वरून काहीतरी घालायला निघतात. मैद्याचं पीठ तसंच, त्यात चमचाभर जवस, मूठभर सुकी बेरी, थोडी कोको. त्याने चव बदलते, नावही बदलतं, पण कुकीचा जो सर्वांत मोठा भाग, म्हणजे पीठ, तो जिथल्या तिथे राहतो. मला वाटतं, बदल करायचा तर पिठापासून करावा. कुकीइतकी मोकळीक दुसरा कुठलाही भाजलेला पदार्थ देत नाही. पाव करताना ज्वारीचं पीठ सांभाळायला बरेच उपद्व्याप करावे लागतात. कुकीत ती सहज सामावते.

मैद्यात नेमकं काय जातं ते एकदा पाहिलं पाहिजे. दाण्याचे तीन भाग: बाहेरचा कोंडा, आतला अंकुर आणि मधला पिठूळ गर. मैदा म्हणजे फक्त गर. तंतू, लोह, जस्त, ब गटातली जीवनसत्त्वं आणि इ जीवनसत्त्व यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो, तो दळतानाच वेगळा काढला जातो. 100 ग्रॅम मैद्यात तंतू जेमतेम 3 ग्रॅम, तर अख्ख्या गव्हाच्या पिठात 10 ग्रॅमच्या पुढे. ज्यांना अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी खराबी रोखणारी द्रव्यं, म्हणून आज एवढा मान मिळतो ती फेनॉलिक संयुगंही (वनस्पतींना रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं) बहुतेक कोंड्यातच असतात. धान्यातलं फेरुलिक आम्ल तर कोंड्यातल्या पेशींच्या भिंतींना घट्ट जखडलेलं असतं. लहान आतड्यात त्यातलं थोडंच सुटतं. बाकीचं मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि तिथले जिवाणू ते हळूहळू मोकळं करतात. तंतू आणि अँटिऑक्सिडंट असे एकत्रच प्रवास करतात. म्हणून मैदा ठेवून त्यात एखादा अर्क मिसळणं आणि अख्खं धान्य वापरणं या दोन गोष्टी मला कधीच सारख्या वाटल्या नाहीत.

आता धान्यांकडे येते. ज्वारीपासून सुरुवात करते, कारण कुकीसाठी ती मला सर्वांत समजूतदार धान्य वाटते. पांढऱ्या ज्वारीचं पीठ चवीला सौम्य आणि किंचित गोडसर असतं, लोण्यात छान मिसळतं आणि कुकीला खुसखुशीतपणा देतं. लाल आणि काळ्या ज्वारीची गोष्ट वेगळी. त्यांच्या सालीत 3-डीऑक्सिअँथोसायनिडिन नावाची रंगद्रव्यं असतात, आणि खाण्याच्या इतर वनस्पतींत ती फारच क्वचित आढळतात. बेरी किंवा काळ्या तांदळातले अँथोसायनिन, म्हणजे लाल-जांभळे रंग, आम्लता बदलली की रंग बदलतात, लवकर विटतात. ज्वारीची ही रंगद्रव्यं त्या मानाने बरीच खंबीर असतात. काही जातींच्या दाण्यात सालीखाली रंगीत थर असतो, त्यात टॅनिन असतं. ते जिभेला तुरट लागतं आणि प्रथिनांना धरून बसतं. अशी ज्वारी असेल तर ती पूर्ण न वापरता तिसरा हिस्सा घ्यावी आणि जोडीला कोको द्यावी. कोकोचा स्वतःचा तुरटपणा त्या चवीला आपल्यात घेतो.

नाचणीचं नाव निघालं की कॅल्शियमचं नाव निघतंच, आणि ते योग्यच आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं; तेवढ्याच गव्हात 40 च्या आसपास. पण कुकीच्या दृष्टीने मला तिचं साल जास्त महत्त्वाचं वाटतं. नाचणीचा दाणा इतका बारीक की साल वेगळं काढणं अवघड, त्यामुळे ती जवळपास नेहमी सालासकटच दळली जाते, आणि तिची फेनॉलिक संयुगं त्या तांबूस-तपकिरी सालातच आहेत. नाचणी मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळली तर पिठाला माल्टचा खमंग वास येतो. मोड येताना दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, स्टार्चचे तुकडे करतात, थोडी साखर दाण्यातच तयार होते. खनिजांना धरून ठेवणारं फायटिक आम्लही कमी होतं, म्हणजे लोह आणि जस्त शरीराला थोडं सोपं मिळतं. अशा पिठाला वरून साखर कमी लागते, आणि ते जिभेलाच कळतं.

बाजरीबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती सांगायलाच हवी. तिच्यात स्निग्धांश सुमारे 5 टक्के, म्हणजे धान्याच्या मानाने बराच. दाणा अख्खा असतो तोवर सगळं ठीक असतं. दळलं की लायपेज हे विकर त्या स्निग्धांशाला भिडतं आणि काही दिवसांतच पीठ कडसर, खवट होतं. बाजरीची चव आवडत नाही म्हणणाऱ्या अनेकांनी खरं तर शिळ्या पिठाची चव घेतलेली असते. दाणे दळण्याआधी नीट गरम केले की हे विकर निष्क्रिय होतं. ओट्सलाही गिरणीत वाफ देतात ती याच कारणासाठी. नाहीतर ओट्सही असेच कडू झाले असते.

ओट्समध्ये दोन गोष्टी खास. एक बीटा-ग्लुकान, पाण्यात विरघळणारा तंतू. दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकान आहारात असेल तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, हा दावा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये मान्य केला. दुसरी अव्हेनँथ्रामाइड्स, ओट्सची ओळख ठरलेली फेनॉलिक संयुगं. मात्र 3 ग्रॅम बीटा-ग्लुकान म्हणजे साधारण 75 ग्रॅम ओट्स. तेवढे ओट्स कुकीजमधून पोटात घालायचे तर बरोबर किती लोणी आणि साखर जाईल याचा हिशेब करावा. कुकीला औषध करायला जाऊ नये, असं मी म्हणते ते यासाठीच.

आणि कुट्टू. हे गवताच्या कुळातलं धान्यच नाही. त्याचं नातं रुबार्ब आणि चुक्याशी. त्यात रुटिन हे फेनॉलिक संयुग असतं आणि चवीत एक मातकट, भाजक्या शेंगदाण्यासारखा सूर असतो, जो लोण्याबरोबर खुलतो. टार्टरी नावाच्या जातीत रुटिन साध्या कुट्टूपेक्षा कितीतरी जास्त. पण पिठाला पाणी लागताच त्यातलंच एक विकर रुटिनचे तुकडे करू लागतं आणि कडवटपणा वाढतो. म्हणजे जे टिकवायचं, तेच पीठ भिजवून ठेवल्याने कमी होतं. हे पीठ भिजवलं की लगेच भाजावं.

बाकीच्या बहुतेक पिठांना मात्र विश्रांती हवीच असते. कुकीत पाणी इतकं कमी आणि साखर इतकी असते की स्टार्चचे बरेचसे कण न फुगताच भाजले जातात. याचा एक फायदा असा की कुकीतलं स्टार्च ब्रेडपेक्षा काहीसं हळू पचतं. तोटा म्हणजे ज्वारी, नाचणी किंवा तांदूळ जाडसर दळला असेल तर कुकी दाताखाली वाळूसारखी लागते. पीठ अगदी बारीक दळावं, चाळावं, आणि तयार गोळा निदान तासभर थंड जागी ठेवावा. कोंडा पाणी शोषायला वेळ घेतो. तो वेळ दिला की रवाळपणा निम्मा होतो आणि वळताना गोळा फुटतही नाही. ग्लुटेन नसलेल्या पिठात बांधणी कशाची, हा प्रश्न एका अंड्याने किंवा पाण्यात भिजून बुळबुळीत झालेल्या जवसाच्या पुडीने सुटतो.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते. ग्लुटेन नाही म्हणून कुकी आपोआप आरोग्यदायी होत नाही. सीलिॲक आजार, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार, असलेल्यांसाठी ग्लुटेन टाळणं हा जिवाचा प्रश्न आहे. गव्हाशी असलेला त्याचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने 1940 च्या दशकात दाखवून दिला. या रुग्णांसाठी पीठ, गिरणी, ओव्हनचा ट्रे, सगळंच स्वच्छ हवं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. इतरांनी ज्वारी निवडावी ती ज्वारीसाठी.

अँटिऑक्सिडंट या विषयावर मला जरा थांबायचं आहे, कारण इथे आकड्यांनी बरीच दिशाभूल केली आहे. परीक्षानळीत एखादा पदार्थ मुक्त मूलकांना, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर कणांना, किती रोखतो ते मोजायची ओरॅक नावाची एक चाचणी आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने त्या आकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली होती. लोकांनी ती गुणपत्रिकेसारखी वाचली, उत्पादनांच्या पाकिटांवर छापली. 2012 मध्ये त्या विभागाने ती यादी मागे घेतली, कारण नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते सांगता येत नाही. फेनॉलिक संयुगांतली थोडीच रक्तात शोषली जातात, तीही यकृतात आणि आतड्यात रूप बदलून. शिवाय अशा याद्यांत लवंग नेहमी वरच्या रांगेत असते, ती 100 ग्रॅमच्या हिशेबाने. 100 ग्रॅम लवंग खाणार कोण?

याहून गंभीर धडा फिनलंडचा. तिथे 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये आले. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी जास्त निघालं. अन्नातून येणारं द्रव्य आणि त्याची वेगळी काढलेली भरघोस मात्रा शरीराला सारखी नसते. हे वाचल्यापासून कुकीत अर्क, पावडरी आणि कॅप्सूल फोडून घालायच्या कल्पनांवरचा माझा विश्वास उडाला. मी धान्य, फळ, बी, सुकामेवा एवढ्यावरच थांबते. त्यांचा रंग आणि तुरटपणा ही माझ्यासाठी एवढीच खूण असते, की दाण्याचं साल अजून दाण्यापाशी आहे.

पण कुकीच्या आत मात्र अँटिऑक्सिडंटचं काम अगदी खरं आणि लगेच दिसणारं आहे. कुकी शिळी होते ती बऱ्याचदा स्निग्धांश हवेतल्या ऑक्सिजनने खवट झाल्यामुळे. हे थांबवायलाच उद्योगात बीएचए, बीएचटी यांसारखी संयुगं आणि रोझमेरीचा अर्क वापरतात. अक्रोड हे याचं सुंदर उदाहरण. त्यातला स्निग्धांश बहुअसंतृप्त, म्हणजे पटकन खवट होणारा. आणि त्याची बहुतेक फेनॉलिक संयुगं त्याच्या पातळ, कडवट सालीत. ती साल दाण्याचं रक्षण करते. कडू लागते म्हणून साल काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ती राहू द्या, अक्रोड हलका भाजा, कडवटपणा मवाळ होतो.

मग हे सगळं निगुतीने जमवलं आणि चमचाभर बेकिंग सोडा घातला, की बरंचसं वाया जाऊ शकतं. सोडा अल्कधर्मी. अँथोसायनिन आम्लात लाल असतात, मधल्या टप्प्यात जांभळे आणि अल्कलीत निळे-हिरवे होऊन विटू लागतात. ब्लूबेरी घातलेल्या कुकीत बेरीभोवती हिरवट कडं दिसतं ते याचमुळे. सूर्यफुलाच्या बियांचं लोणी आणि सोडा एकत्र आले तर अख्खी कुकी थंड झाल्यावर आतून हिरवी होते: बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल अल्कलीत प्रथिनांच्या घटकांशी जोडलं जाऊन हिरवं रंगद्रव्य बनतं. ती कुकी खायला सुरक्षित असते, पण घाबरून फेकून दिली जाते. कोकोची कथा तशीच. अल्कली लावून गडद आणि मऊ चवीची केलेली कोको दिसायला श्रीमंत असते, पण तिच्यातले फ्लॅव्हनॉल, म्हणजे कोकोची मुख्य फेनॉलिक संयुगं, खूप घटलेले असतात. नैसर्गिक कोकोत ग्रॅममागे सरासरी 35 मिलिग्रॅमच्या आसपास मिळाले, तर जास्त अल्कली लावलेल्या कोकोत 4 मिलिग्रॅमच्या आसपास, असं मोजमाप प्रसिद्ध आहे. म्हणजे अधिक काळी कोको ती अधिक गुणी, हा समज अगदी उलटा निघतो. पाकिटावर घटक वाचावेत. अल्कलीचा उल्लेख असेल तर ती कोको रंगासाठी ठेवावी.

माझा उपाय साधा आहे. पातळ, वळून कापलेल्या कुकीला फुगवणाऱ्या द्रव्याची गरजच नसते. फेटलेल्या लोण्यातली हवा आणि भाजताना सुटणारी वाफ पुरते. फुगवायचंच असेल तर बेकिंग पावडर घ्यावी, तिच्यातलं आम्ल सोड्याला बरोबरीने खाऊन टाकतं. बेरी किंवा काळा तांदूळ असेल तर थोडा लिंबूरस घालावा. रंग वाचतो आणि चवही जागी होते.

भाजण्याबद्दल मात्र मी फारच आग्रही आहे. कुकी तपकिरी होते ती मुख्यतः अमिनो आम्लं आणि साखर यांच्या अभिक्रियेने, जी लुई कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये वर्णन केली. तिच्यातून वास येतो, चव येते, आणि मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी द्रव्यं बनतात, ज्यांना स्वतःलाच अँटिऑक्सिडंट गुण असतो. त्यामुळे जास्त भाजलेली कुकी चाचणीत जास्त गुण मिळवू शकते. त्याच उष्णतेत, 120 अंश सेल्सिअसच्या वर, ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल ग्लुकोज-फ्रुक्टोजशी मिळून ॲक्रिलामाइड बनवतं. अन्नात ते सापडल्याचं 2002 मध्ये स्वीडनमधून जाहीर झालं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरलं आहे, म्हणून युरोपीय संघाने बिस्किटांसाठी किलोमागे 350 मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी ठरवली. अख्ख्या धान्यात मैद्यापेक्षा ॲस्परॅजिन जास्त. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर. आता अख्ख्या धान्याची, मध घातलेली, गडद तपकिरी भाजलेली कुकी डोळ्यांसमोर आणा. सगळे तिला पौष्टिक म्हणतील, चाचणीतला आकडाही चढा येईल, आणि ॲक्रिलामाइडही तिच्यातच जास्त असण्याची शक्यता. म्हणून मी ओव्हन 160 अंशांच्या वर नेत नाही आणि कडा सोनेरी दिसल्या की ट्रे बाहेर काढते. नाचणी आणि कोको आधीच तपकिरी असल्याने रंगावरून अंदाज येत नाही. तिथे नाकावर आणि घड्याळावर भिस्त ठेवावी.

साखरेबद्दल थोडक्यात. मध, गूळ, मेपलचा पाक, नारळाची साखर, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार हे सगळं मुक्त साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेतच, मोजायचं. दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत, जमलं तर 5 टक्क्यांच्या. 2000 उष्मांकांच्या आहारात 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. साखर बदलण्यापेक्षा कमी करणं प्रामाणिकपणाचं. कृतीतली साखर चौथाईने कमी केली तर कुकी थोडी कमी पसरते आणि थोडी कमी कुरकुरते, एवढंच. साखर उतरली की धान्याची चव वर येते, आणि मला हवं असतं ते हेच.

सध्या मी ज्या प्रमाणावर स्थिरावले आहे ते असं: पांढऱ्या ज्वारीचं बारीक पीठ 100 ग्रॅम, ओट्सचं पीठ 60, सालासकट बदामाची पूड 40, नैसर्गिक कोको 15, लोणी 110, साखर 70, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि सालासकट चिरलेला अक्रोड 50 ग्रॅम. सगळं वजन करूनच घ्यायचं, कारण प्रत्येक पिठाचा कप वेगळ्या वजनाचा भरतो. सोडा नाही. लोणी-साखर फेटून, अंडं घालून, कोरडं मिसळून, वळकटी करून तासभर थंड करायची, मग अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कापून 160 अंशांवर साधारण 14 मिनिटं. बाहेर काढताना त्या मऊ वाटतात. ट्रेवरच गार होऊ द्याव्यात, साखर आणि लोणी घट्ट होताना कुरकुरीतपणा येतो. साधारण 22 कुकीज होतात, एकीत साखर साडेतीन ग्रॅमच्या आत. त्या हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी ज्वारी आणि कोकोची चव जास्त एकजीव लागते. यातली ज्वारी काढून मोड आणलेली नाचणी घातली तर साखर 60 वर आणता येते. काळ्या तांदळाचं पीठ घ्यायचं तर कोको वगळून लिंबाची किसलेली साल आणि चमचाभर रस घालावा आणि भाजण्याची वेळ दोन मिनिटांनी कमी करावी, म्हणजे जांभळा रंग कुकीत दिसत राहतो.